पेटारी की चिकणा?

हुबळी-धारवाड रस्त्यालगतच्या रिकाम्या प्लॉटांवर पावसाळा सरता सरता पिवळ्या फुलांची, कमरेएवढी झुडपं माजतात. येणारे-जाणारे त्यांना ‘रान’ म्हणून मोकळे होतात. खरं तर त्यातली कितीतरी जास्वंद, भेंडी आणि कपाशीच्या गोतावळ्यातली असतात.

कूळ ओळखायला फूल पुरतं. पाकळ्या पाच आणि मधले पुंकेसर जास्वंदीसारखे एका नळीत जुळलेले असले, की झुडूप भेंडीकुळातलं. साल ओढावी तर सुतळीसारखी चिवट निघते.

गोंधळ होतो तो पुढे. आयुर्वेदातली अतिबला म्हणजे पेटारी आणि बला म्हणजे चिकणा. दोघींची फुलं पिवळी, पानं लवदार, बदामी आकाराची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनियसनेही 1756 मध्ये पेटारीला चिकण्याच्याच ‘सिडा’ प्रजातीत घातलं होतं. तिला ‘अब्युटिलॉन’मध्ये हलवलं वनस्पतिशास्त्रज्ञ स्वीटने, 1826 मध्ये.

अशा वेळी फळ पाहावं. पेटारीचं फळ दातेरी चाकासारखं, पंधरा-वीस कप्प्यांचं. वाळलं की काळपट होतं. ते शाईत बुडवून कागदावर दाबलं की शिक्का उमटतो. म्हणून मराठीत तिला मुद्राही म्हणतात आणि कन्नडमध्ये श्रीमुद्रे. शेजारच्या दोन भाषांना एकाच फळात शिक्का दिसावा, याचं फार अप्रूप वाटतं! चिकण्याचं फळ अगदी लहान. त्याच्या फाकींना दोन-दोन खरखरीत टोकं असतात, ती कपड्यांना चिकटतात. फूलही पेटारीपेक्षा लहान. फूल गुलाबी आणि फळावर आकडे असतील, तर ती वनभेंडी.

ही ओळख नुसत्या हौसेची नाही. चिकण्यात इफेड्रिन असतं, त्याने रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात. पेटारी समजून चिकण्याचा काढा घेणं हृदयरोग्याला महागात पडू शकतं.

शेतकऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा. धारवाड हा कपाशीचा मुलूख, कापूस-संशोधक डॉ. कटरकींनी 1972 मध्ये ‘वरलक्ष्मी’ हा संकरित कापूस इथेच घडवला. शेतात कपाशी नसते तेव्हा पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी बांधावरच्या याच भाऊबंदांवर तग धरतात आणि नवं पीक उगवलं की त्यावर उतरतात. तेव्हा परसात एखादी पेटारी खुशाल राखा, पण कपाशी-भेंडीच्या बांधावरची मात्र बी धरण्याआधी मुळासकट उपटा.