जुन्या फितींतून नवा चित्रपट

चित्रपट काढावयाचा म्हणजे आधीं कॅमेरा हवा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु दुसऱ्यांनीं पूर्वीं टिपून ठेवलेलीं दृश्यें जुळवूनहि चित्रपट सिद्ध होतो. आणि ज्या विद्यार्थ्याजवळ द्रव्य थोडें, त्याला हा मार्ग विशेष सोयीचा आहे. मात्र दिसतो तितका तो सोपा नाहीं.

नुसत्या जोडणींतून अर्थ कसा उत्पन्न होतो, हें रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनीं एका प्रयोगानें दाखविलें. नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनीं पाळीपाळीनें सुपाचें भांडें, शवपेटी व तरुणी यांच्या दृश्यांना जोडला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर कधीं भूक, कधीं शोक, तर कधीं अभिलाषा दिसली, असें सांगतात. या जोडणीच्या कलेलाच ‘माँताज’ म्हणतात.

तिचा उत्तम नमुना म्हणजे एस्फिर शूब या बाईंनीं १९२७ सालीं तयार केलेला ‘रोमानोव्ह राजवंशाचा अस्त’ हा मूकपट. त्यांनीं सुमारें ६०,००० मीटर जुनी फिल्म डोळ्यांखालून घातली; पडद्यावर आली ती अवघी दीड हजार मीटरांच्या आसपास. त्यांत एके ठिकाणीं नाचून दमलेले उमराव घाम पुसतांना दिसतात, आणि लगेच राबणारे शेतकरी. दोन्ही तुकडे खरे. टीका उमटली ती केवळ शेजारामुळें.

विद्यार्थ्यानें प्रथम आपलें म्हणणें एका वाक्यांत लिहावें. ५ मिनिटांचा लघुपट म्हणजे ३०० सेकंद. प्रत्येक दृश्यास सरासरी ५ सेकंद धरल्यास ६० तुकडे लागतात. प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र चिठ्ठी करावी. दृश्य कोठलें, कोणी व केव्हां घेतलें, आणि परवानगी कोणाची, हें तींत नमूद असावें. चिठ्ठ्या जमिनीवर मांडून क्रम ठरवावा. संगणकास हात मागाहून लावावा. मूकपट पुष्कळदां सेकंदाला १६ चित्रांच्या आसपास घेतलेले असत. ते २४ च्या गतीनें दाखविल्यास माणसें दुडदुडूं लागतात, आणि प्रेतयात्राहि हास्यास्पद होते. ही गति आधींच दुरुस्त करावी.

सर्वांत कठीण प्रश्न प्रामाणिकपणाचा. जें माँताज सत्य उजळतें, तेंच एका गांवचा दुष्काळ दुसऱ्या गांवच्या नांवावर खपवूंहि शकतें. जुन्या फितींतील माणसें बहुधा हयात नसतात. ‘हें माझें गांव नव्हे’ असें तीं सांगूं शकत नाहींत. चिठ्ठीवरील स्थळ व साल हीच त्यांची साक्ष. ज्या दृश्याची चिठ्ठी कोरी, तें कितीहि मोहक असो, बाजूस ठेवावें. अथवा त्याचें मूळ अज्ञात असल्याचें पडद्यावर स्पष्ट लिहावें.