ओम्नीचा लाल दिवा

ओम्नीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर तेलाच्या कुपीचं चित्र असलेला लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की एक-दोन सेकंदांत विझतो. गाडी वीस वर्षांची झाली की त्याचे रंग बदलतात. खंबाटकी घाट चढून आलेली भरलेली गाडी टोलनाक्यावर थांबते, इंजिन स्लोवर येतं आणि दिवा लुकलुकायला लागतो. रेस दिली की विझतो, पाय काढला की पुन्हा हजर. यावर प्रत्येक ओम्नीवाल्याकडे खात्रीचा इलाज असतो आणि त्यातले बरेचसे इंजिनाच्या मुळावर येतात.

१९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, तेही थेट पुढच्या सीटखाली. शाळेची पोरं, भाजीचे क्रेट, केटरिंगची पातेली, पेशंट, सगळं तिनं वाहिलं. बॉनेट उघडायची भानगडच नाही, सीट उचलली की मेकॅनिकचं काम सुरू.

हा दिवा प्रेशर मोजत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसवलेल्या छोट्या स्विचला एकच वायर असते. तेलाचा दाब नसेल तर आतला संपर्क जुळतो, वायर बॉडीला अर्थ होते आणि दिवा लागतो. दाब चढला की संपर्क तुटतो. पण त्यासाठी चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आतला दाबही पुरतो, आणि पळत्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो, असा गॅरेजातला जुना ठोकताळा आहे. त्यामुळे दिवा विझलेला असला तरी सगळं ठीक आहे असं नाही. पेटला तर मात्र तो खरा धरायचा. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्यांनीच क्रँक ग्राइंड करणाऱ्यांचे धंदे चालवले आहेत.

गाडी सपाटीवर उभी करून पाचेक मिनिटांनी डिपस्टिक काढायची. तेल कमी असेल तर उत्तर सोपं आहे. पातळी वाढलेली असेल तर जास्त सावध व्हायचं. कार्बोरेटरच्या ओम्नीला पेट्रोलचा पंप इंजिनावरच असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल हळूहळू तेलात उतरतं आणि तेल पाण्यासारखं पातळ होतं. डिपस्टिक नाकाजवळ नेली की वास येतो. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, मग हेड गॅस्केटकडे बघायचं.

तेल ठीक असेल तर पाळी वायरिंगची. चावी चालू ठेवून, इंजिन बंद असताना, स्विचची वायर काढायची. दिवा तरीही लागलेलाच राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे. विझला तर वायर बरी. आता दोष स्विचचा की खरंच दाब कमी, एवढाच प्रश्न उरतो. स्विच स्वस्त असतो म्हणून तो आधी बदलतात, ते चूक नाही. पण नव्या स्विचवरही दिवा लागला की लगेच ‘तेलाचा पंप गेला’ म्हणून इंजिन खोलायला घेतात, तिथे मी हात धरेन. स्विच काढून त्याच भोकात काट्याचा गेज बसवा आणि इंजिन चांगलं तापू द्या. सकाळच्या थंड, घट्ट तेलावर झिजलेलं इंजिनही झकास दाब दाखवतं.

गेजचा काटा बरंच सांगतो. स्लोवरही आणि रेसवरही दाब कमीच असेल तर इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमधली जाळी गाळानं चोंदलेली, रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला किंवा पंप झिजलेला. रेसवर दाब बरा आणि गरम स्लोवरच पडत असेल, तर संशय बेअरिंगवर. चाळीतल्या पाइपाला जागोजागी गळती असली की मोटर कितीही चांगली असो, शेवटच्या नळाला धार येत नाही, तसं हे. पंपाला उगाच बदनाम करण्यात अर्थ नसतो. चेंबर उतरवून कनेक्टिंग रॉडच्या बिगेंडची टोपी काढायची, क्रँकवर मेणासारख्या प्लॅस्टिकचा बारीक दोरा ठेवायचा आणि टोपी ठरलेल्या ताकदीनं कसून पुन्हा काढायची. दोरा किती चेपला हे पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं की फट कळते. जास्त रुंद चेपला तर फट कमी, कमी चेपला तर फट जास्त. हे तासाभराचं काम टाळून निव्वळ कानानं निदान करणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

राहिला तो घट्ट तेलाचा इलाज. २०डब्ल्यू-५० भरलं की दिवा लुकलुकायचा थांबतो, हे खरं आहे. पण त्यानं बेअरिंगची फट भरत नाही. गाडी विकायच्या आधीही हाच उपाय केला जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणी सरळ बल्बच काढून टाकतो. म्हणून जुनी ओम्नी घ्यायला गेलात तर इंजिन सुरू करण्याआधी चावी फिरवून दिवा लागतो का ते पाहा. मग गाडी अर्धा तास पळवा, स्लोवर उभी करा आणि तो पुन्हा लागतो का ते बघूनच भावाचं बोला.