कासचा वसंत भाद्रपदात

ईस्टरनंतरच्या सुट्टीत रानफुले पाहण्यासाठी साताऱ्याजवळील कास पठारावर सहल आखणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी : चैत्रात तेथे तापलेला, तांबडा कातळच भेटतो. याचे कारण त्या दगडातच आहे. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट पावसाने युगानुयुगे झिजला, त्यातील सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांनी युक्त असा जांभा उरला. या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळा सरताच तो वाळतो. त्यामुळे बहुसंख्य रोपांना ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढ्या अवधीतच फुलून बी धरावे लागते. मातीत नत्रही तुटपुंजे. म्हणून दवबिंदू ही इवलीशी वनस्पती आपल्या चिकट पानांवर चक्क कीटक पकडून पचविते! टोपली कारवी तर साधारणतः ७ वर्षांनी एकदा बहरते.

२०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटासह कासचाही समावेश झाला आणि गर्दी वाढली. फुलांत बसून छायाचित्र काढणारा पुढील वर्षीचे बीजच तुडवितो. युवक गटांनी सहल भाद्रपदात न्यावी, शनिवार-रविवार टाळावा आणि आखलेली वाट सोडू नये. छायाचित्र वाटेवरूनही उत्तम येते.