अपग्रेडनंतरचा मंदपणा: आधी मोजा, मग दोष द्या

ब्राउझरमधून चालणारी कार्यालयाची प्रणाली अपग्रेड झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पाने उघडायला वेळ लागू लागला, की ‘नवी आवृत्तीच जड आहे’ असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा असतो. अपग्रेडमध्ये प्रोग्रामबरोबर डेटाबेस, सेटिंग्ज आणि कॅशेही बदलू शकतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचेच पाहा. पीजी-अपग्रेड या साधनाने त्याची आवृत्ती बदलली की सगळ्या नोंदी सुखरूप पुढे जातात. पण कोणत्या तक्त्यात अंदाजे किती नोंदी आहेत, कोणती मूल्ये वारंवार येतात, ही आकडेवारी २०२५ मध्ये आलेल्या १८व्या आवृत्तीपूर्वी सोबत जात नसे. शोधाचा मार्ग डेटाबेस याच आकडेवारीवरून ठरवतो. ती नसली की अंदाज चुकतात आणि इंडेक्स असूनही लाखो नोंदी एकेक करून तपासल्या जाऊ शकतात. इथे उपाय ‘अॅनालाइझ’ या एका आज्ञेचा. नव्या आवृत्तीचा दोष काहीच नसतो. उलट, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या २०१८ च्या ८.० आवृत्तीतून क्वेरी कॅशे, म्हणजे आधीच्या शोधांची उत्तरे साठवून ठेवणारी सोय, काढूनच टाकली गेली. तिच्यावर विसंबलेली प्रणाली मंदावली, तर अॅनालाइझने भागणार नाही. लक्षण एकच, कारणे वेगळी.

म्हणून तपास क्रमानेच व्हायला हवा. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ भाग उघडला, की वेळ सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो की फाइली उतरवण्यात, हे दिसते. सर्व्हरच उशीर करत असेल, तर डेटाबेसच्या नोंदवहीतून, म्हणजे लॉगमधून, संथ क्वेरी शोधावी. पोस्टग्रेसमध्ये ‘एक्सप्लेन अॅनालाइझ’ने अंदाजित आणि प्रत्यक्ष नोंदींचे आकडे शेजारीशेजारी मिळतात. त्यांत प्रचंड तफावत असली, की संशय आकडेवारीवर.

लोक खोळंबले असताना मोजत कोण बसणार, मोठा सर्व्हर घ्या किंवा जुनी आवृत्ती परत आणा, असे कोणी म्हणेल. काम पूर्ण ठप्प असेल तर मागे फिरणे योग्यच. पण त्याआधी लॉग जपून ठेवा, नाहीतर पुढच्या अपग्रेडला हीच अडचण पुन्हा येईल. जुन्या आवृत्तीवर कायम राहताही येत नाही: पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या पाचच वर्षे मिळतात. मोठा सर्व्हर चुकीचा मार्ग थोडा वेगाने कापतो, इतकेच. नोंदी वाढल्या की तोही अपुरा पडतो.

मोजणीची खरी वेळ अपग्रेडच्या आधीची. रोजच्या वापरातील महत्त्वाची पाने किती वेळात उघडतात ते लिहून ठेवा, खऱ्या माहितीच्या प्रतीवर नवी आवृत्ती चालवून पाहा आणि आकडे जुळल्यावरच ती लोकांच्या हाती द्या.