व्यवस्थापनाचे शिक्षण आणि जालन्याचे शिवार

व्यवस्थापनशास्त्राच्या, म्हणजे एमबीएच्या अभ्यासक्रमात विपणन, वित्त आणि मनुष्यबळ हे विषय बारकाईने शिकवले जातात. परंतु ज्या समाजाच्या श्रमांवर आणि पाण्यावर उद्योग उभे राहतात, त्या समाजाशी विद्यार्थ्याची गाठ पडेलच याची हमी तेवढ्याने मिळत नाही. ही उणीव भारतात फार पूर्वीच ओळखली गेली होती. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी १९७२ मध्ये पद सोडले आणि पुढे १९७५ पासून राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात विणकर व चर्मकारांसोबत काम करून, हे शास्त्र गावाच्या कितपत उपयोगी पडते याचा शोध घेतला. मुंबईच्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेने तर विद्यार्थ्यांनी काही आठवडे स्वयंसेवी संस्थेत काम करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग केला.

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत मात्र समाजसेवा म्हटले की राष्ट्रीय सेवा योजनाच डोळ्यांसमोर येते. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करतात. श्रमदान आणि वृक्षारोपण यांचे मोल कमी नाही. तरीही ताळेबंद वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती केवळ खराटा देणे म्हणजे त्याच्या शिक्षणाचा समाजाला मिळू शकणारा लाभ वाया घालवणे होय.

जालना जिल्ह्यात हा लाभ नेमका कोठे पोहोचू शकतो, हे सहज दाखवता येते. १९८१ मध्ये स्वतंत्र झालेला हा जिल्हा पोलाद आणि बियाणे उद्योगांसाठी ओळखला जातो. महिको कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारातून येथे उभे राहिलेले श्री गणपती नेत्रालय हे उद्योजकतेला लोकसेवेची जोड मिळाल्याचे ठळक उदाहरण आहे. कडवंचीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, इंडो-जर्मन कार्यक्रमातून या गावात पाणलोटाचे काम केले, म्हणजे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पावसाचे पाणी अडवले आणि जिरवले. त्यानंतर गावात शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. परंतु बागेबरोबर कर्ज, विमा, मजुरी आणि बाजारभावातील चढउतार यांचा हिशेबही शेतकऱ्याच्या दारी येतो, आणि व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याचे काम तेथूनच सुरू होते.

मोसंबीचेच पाहावे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित गुणवत्तेची कायदेशीर नोंद, मिळालेले आहे. पण केवळ मानांकनाने भाव वाढत नाही. तोडणी, प्रतवारी, हमाली, तोलाई आणि वाहतूक हे खर्च वजा जाता किलोमागे हाती काय उरते, जागेवर बाग विकणे परवडते की माल बाजारात नेणे, याचा एका हंगामाचा ताळा विद्यार्थ्याने शेतकरी उत्पादक कंपनीला करून दिला, तर पुढच्या बहाराचा सौदा ती कंपनी अधिक जाणतेपणाने करू शकेल. शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनीच भागधारक होऊन कंपनी कायद्याखाली स्थापन केलेली संस्था. तुतीवर रेशीमकीटक पाळणाऱ्या शेतकऱ्याला पूर्वी कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ मध्ये जालन्यात कोष बाजारपेठ सुरू झाल्यामुळे आता जवळच्या आणि दूरच्या बाजारातील भावांची तुलना करून ठेवणे, हेही असेच उपयुक्त काम आहे.

महिला बचत गटांची गरज आणखी साधी आहे. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत लेखे ही त्यांची पंचसूत्री असून, त्यांपैकी शेवटचे सूत्र सांभाळणे लिहिण्याची सवय सुटलेल्या गटाला विशेष जड जाते. रोकडवही मागे पडली की बँकेकडे कर्ज मागताना अडचण येते. येथे विद्यार्थ्याने वही स्वतः भरून देणे ही सेवा नव्हे. गटातील सदस्येलाच ती भरता येईपर्यंत शेजारी बसून शिकवणे ही सेवा होय, आणि त्याला वेळ लागतो.

वेळ हीच या उपक्रमांची खरी अडचण आहे. सत्र संपले की विद्यार्थी निघून जातात, नव्या तुकडीला गाव पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावे लागते, आणि संस्थेच्या कार्यकर्त्यांचा वेळ मदत मिळवण्यापेक्षा पाहुण्यांना माहिती देण्यातच खर्च होतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हा निधी कोठे द्यावा हे उद्या ठरवणाऱ्यांत आजचेच विद्यार्थी असतील, म्हणून त्यांनी हे काम घाईत उरकणे परवडणारे नाही. यासाठी महाविद्यालयांनी दरवर्षी नवे गाव शोधण्याऐवजी एकाच संस्थेशी किमान पाच वर्षांचा करार करावा, प्रत्येक तुकडीने आपल्या नोंदी पुढच्या तुकडीच्या स्वाधीन कराव्यात आणि कामाचा विषय प्राध्यापकांनी नव्हे, तर त्या संस्थेने ठरवावा.