पात्याला पीळ कशासाठी?

घरचा टेबलफॅन बंद करून पाहा. पातं तिरकं असतं, म्हणून वारा पुढे येतो. तटरक्षक दलाचं कानपूरला बांधलेलं डॉर्नियर २२८ विमान याच युक्तीवर किनाऱ्यावर गस्त घालतं. त्याच्या पात्याला मात्र ठळक पीळ असतो. एका फेरीत टोक बुंध्यापेक्षा कितीतरी लांब पल्ला कापतं. म्हणून तिथे तिरकेपणा कमी, बुंध्याशी जास्त. मग जेट का नाही? गस्त खालून, सावकाश घालायची, आणि तिथल्या दाट हवेत जेट इंधन ढोसतं. प्रॉपेलर भरपूर हवा थोड्याच वेगानं मागे ढकलतो, ते स्वस्त पडतं. शिवाय पंख डोक्यावर, त्यामुळे खिडकीतून खालची होडी नीट दिसते. एक इंजिन बंद पडलंच, तर त्याची पाती धारेनं वाऱ्याकडे वळवतात. नाहीतर तीच विमानाला मागे ओढत बसतील.