कोणाच्या पंचांगाने चालायचं?

तमिळनाडूत शनी एकाच राशीत दोनदा प्रवेश करतो. 2023 साली तिरुकणित पंचांग मानणाऱ्यांच्या घरी तो 17 जानेवारीला कुंभेत गेला. वाक्य पंचांग मानणाऱ्यांसाठी, आणि कारैकालजवळच्या तिरुनळ्ळारच्या शनिमंदिरासाठी, तोच शनी कुंभेत जायला 20 डिसेंबर उजाडला. दोहोंत अकरा महिन्यांचं अंतर, तरी दोन्ही पंचांगं आपापल्या गणितात चोख. टिळक पंचांग खरं की दाते पंचांग खरं, हा वाद ज्या मराठी घरांनी ऐकलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. घोटाळा होतो तो यजमानाने एका पंचांगातून दिवस काढला आणि गुरुजी दुसऱ्या पंचांगाने आले तर. चेन्नईत तरमणीच्या टायडल पार्कपासून खाली सिरुसेरीपर्यंत, जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी सॉफ्टवेअरची कार्यालयं आहेत, तिथे रोज सोडवल्या जाणाऱ्या ‘कम्पॅटिबिलिटी एरर’चं मूळ याच जातीचं असतं. पॅकेज बरोबर असतं, फ्रेमवर्कही बरोबर असतं. फक्त दोघं एका घरात नांदत नाहीत. अशी एरर बहुतेक वेळा कोणाच्या कोडमध्ये नसते, ती दोन वेळापत्रकांच्या सांध्यावर असते. म्हणून ती सोडवणं म्हणजे व्हर्जनचे आकडे बदलून पाहत बसणं, ही समजूत मला चुकीची वाटते. आपला प्रकल्प कोणाच्या पंचांगाने चालणार हे ठरवणं आणि ते लिहून ठेवणं, हे खरं काम आहे.

ही वेळापत्रकं किती आहेत ते आधी पाहू. जावाचं नवं व्हर्जन दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येतं. त्यांतली ठरावीकच दीर्घकाळ सांभाळली जातात, जसं 2021चं 17 आणि 2023चं 21. पायथन दर ऑक्टोबरला नवं रूप घेतं आणि प्रत्येक रूपाला साधारण पाच वर्षं सांभाळतं. नोडची पाळी एप्रिल आणि ऑक्टोबरची. रूबीचा नवा अवतार प्रथेने नाताळच्या दिवशी येतो. फ्रेमवर्कची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची गती आणखी वेगळी: अँग्युलर सहा महिन्यांनी, देबियन दोनएक वर्षांनी. यांच्या खाली हजारो लहान पॅकेजं असतात, ज्यांचं वेळापत्रक म्हणजे त्यांच्या कर्त्याला सवड मिळेल तो रविवार. आणि या सगळ्यांच्या वर क्लायंटचं वेळापत्रक असतं. अमेरिकी किरकोळ विक्रीच्या धंद्यातला क्लायंट नोव्हेंबरच्या शेवटापासून वर्ष संपेपर्यंत चालत्या यंत्रणेला हात लावू देत नाही. ही बंदी, म्हणजेच ‘फ्रीझ’, उठते तेव्हा चेन्नई पोंगलच्या तयारीला लागलेली असते, आणि साठलेले बदल सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे रेटावे लागतात. कोणत्याही मध्यम आकाराच्या प्रकल्पात अशी शेकडो वेळापत्रकं एकमेकांना बांधलेली असतात. ती अधूनमधून अडखळतात यात विशेष काही नाही. इतके दिवस बिनबोभाट चालतात हेच विशेष.

अडखळतात तेव्हा पडद्यावर काय दिसतं? जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात एखादा नवा घटक बसवायला घ्यावा आणि एनपीएम या पॅकेज बसवणाऱ्या अवजाराने लाल अक्षरांत नकार द्यावा, हा सर्वांत ओळखीचा प्रसंग. पहिल्या ओळीत कारणाचा संकेत असतो, पण खरी साक्ष मधल्या चार ओळींत असते: घरात रिअ‍ॅक्ट या लायब्ररीचं 18 सापडलं, अमुक घटक म्हणतो की मला 16 किंवा 17च चालेल. या अटीला ‘पिअर डिपेन्डन्सी’ म्हणतात. तिचा अर्थ असा की हा घटक रिअ‍ॅक्ट स्वतःबरोबर आणत नाही, तुमच्या घरात असेल तोच वापरतो, पण तो कोणता असावा याबद्दल त्याचं मत आहे. शेवटच्या ओळीत एनपीएम सुटकेचा मार्गही सुचवतं: हट्ट करायचा असेल तर ‘फोर्स’ लावा, मात्र जुळणी चुकीची असेल आणि मोडूही शकेल हे मान्य करून. घाईत असलेला माणूस ही शेवटची ओळच वाचतो. 2020च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सातवं व्हर्जन येईपर्यंत, एनपीएम अशा ठिकाणी नुसती ताकीद देऊन पुढे जायचं. ते अडायला लागलं तेव्हा अनेकांना वाटलं की अवजार बिघडलं; प्रत्यक्षात अवजार बोलायला लागलं होतं. मुरलेला इंजिनियर इथे हात आवरतो. तो आधी पाहतो की या घटकाचं रिअ‍ॅक्ट 18 मानणारं व्हर्जन निघालंय का. निघालं असेल तर बदलांची यादी वाचतो. नसेल तर शेवटचं व्हर्जन कधीचं आहे, कर्ता अजून लक्ष देतोय की दुकान बंद करून गेलाय, ते तपासतो. यातल्या एकाही पायरीवर टंकलेखन फारसं नाही. हे काम वाचनाचं आहे.

वाचन अवघड होतं, कारण प्रत्येक भाषेच्या घराचे नियम वेगळे. एनपीएमच्या घरात एकाच पॅकेजची दोन व्हर्जनं वेगवेगळ्या खोल्यांत राहू शकतात. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एकालाच जागा. जावाचा मेव्हन तिसराच न्याय लावतो: झाडात मुळाच्या सर्वांत जवळ जे व्हर्जन लिहिलेलं असेल ते जिंकतं, मग ते जुनं का असेना. समजा, प्रकल्पाने स्वतः जॅक्सन या लायब्ररीचं 2.9 मागितलंय आणि तीन फांद्या खाली एका लायब्ररीला 2.15 हवंय. मेव्हन मुकाट्याने 2.9 घेतो. कोड कंपाइल होतो, बिल्ड हिरवा होतो, आणि चालत्या यंत्रणेत एखाद्या कोपऱ्यातल्या विनंतीवर निरोप येतो की अशी मेथडच अस्तित्वात नाही. हा निरोप ऐकून कोडमध्ये मेथड शोधणारा दिवस घालवतो. डिपेन्डन्सीचं झाड सविस्तर छापून त्यात ‘संघर्षामुळे वगळलं’ असा शेरा शोधणाऱ्याला उत्तर लवकर हाती लागतं. आणि हे झाड माणसाने नजरेने सोडवावं असंही नाही. शेकडो अटी एकदम पाळणारी व्हर्जनं शोधणं हा गणिती दृष्ट्या एनपी-कम्प्लीट वर्गातला प्रश्न आहे. सगळ्या प्रसंगांत झटपट चालेल अशी रीत अजून कोणाला ठाऊक नाही. पायथनचा पिप कधी कधी एकामागून एक जुनी व्हर्जनं उतरवून घेत ताटकळवतो, तो याच शोधात माघारी फिरत असतो.

लिहिलेल्या अटी भांडतात तोवर ठीक असतं, कारण भांडण ऐकू येतं. न लिहिलेल्या अटी जास्त महागात पडतात. गणिती कामासाठी पायथनमध्ये सर्वत्र वापरली जाणारी नमपाय ही लायब्ररी 2006 साली 1.0 झाली, आणि तिचं 2.0 आलं थेट जून 2024मध्ये. मधल्या अठरा वर्षांत तिच्यावर उभ्या राहिलेल्या असंख्य पॅकेजांनी अट लिहिली होती ती एवढीच की नमपाय अमुक व्हर्जनच्या वरचं असावं. वरची मर्यादा अनेकांनी घातलीच नव्हती. परिणामी नवी मांडणी करताना पिपने नियमाप्रमाणे 2.0 आणलं, आणि ज्या पॅकेजांचा सी भाषेतला भाग जुन्या नमपायवर कंपाइल झाला होता, ती इम्पोर्ट होतानाच कोसळू लागली. कोणी खोटं बोललं नव्हतं. नमपायने मोठा आकडा बदलून मोठा बदल जाहीर केला होता, कर्त्यांना आधीपासून सूचनाही दिल्या होत्या. ‘दोनच्या खाली ठेवा’ ही तात्पुरती मात्रा लागू पडत होती. पण ती मात्रा का घेतली हे ज्यांनी नोंदवलं नाही, त्यांच्या प्रकल्पात ती ओळ उद्या एक गूढ होऊन बसेल, आणि काढायला कोणी धजणार नाही.

काही विसंगतींचं मूळ तर तंत्रज्ञानातही नसतं. ओरॅकलने 2017मध्ये जावाची एंटरप्राइझ आवृत्ती एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण नावाचे हक्क स्वतःकडे राखले. कोडमधल्या ‘जावाएक्स’ या नावाखाली पुढचे बदल करता येणार नाहीत असं ठरल्यावर 2020च्या अखेरीस त्या आवृत्तीच्या नव्या अवतारात, जकार्ता ईई 9मध्ये, ते नावच बदलून ‘जकार्ता’ झालं. नोव्हेंबर 2022मध्ये स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचं 3 आलं, त्याने हे नवं नाव आणि किमान जावा 17 सक्तीचं केलं, आधीच्या 2.7चा मोफत सांभाळ वर्षभराने संपला. बँका, विमा कंपन्या, दवाखाने यांच्या जुन्या जावा यंत्रणा सांभाळणं हा चेन्नईतल्या सेवा कंपन्यांचा मोठा व्यवसाय. अशा यंत्रणेत कोडमधली नावं बदलायला यंत्रच पुरतं. अडतं ते तिथे, जिथे एखादी अर्धवट सोडलेली लायब्ररी अजून ‘जावाएक्स’लाच हाक मारत असते आणि तिचं काम दुसरं कोणी करत नसतं. वकिलांच्या टेबलावरचा एक शब्द हजारो मैलांवर कोणाच्या तरी महिन्याचं काम ठरवतो. हे न कळता ‘क्लास सापडत नाही’ या निरोपाशी झुंजणाऱ्याला आपलंच काही चुकतंय असं वाटत राहतं.

कोणाच्या पंचांगाने चालायचं, याची तीन निरनिराळी उत्तरं चेन्नईत पाहायला मिळतात. सेवा कंपनी क्लायंटचं पंचांग मानते. तिथे उत्तम व्हर्जन म्हणजे क्लायंटने मंजूर केलेलं व्हर्जन. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने घडवलेल्या ‘बॉस’ या लिनक्स प्रणालीने देबियनचं पंचांग उसनं घेतलं आणि त्यावर भारतीय भाषांची सोय उभी केली. देबियनमध्ये रिलीजच्या आधी टप्प्याटप्प्याने सगळं गोठवतात, जे जुळत नाही ते बाहेर काढतात. 2023च्या जूनमधल्या बाराव्या व्हर्जनात अशी जुळवलेली 64 हजारांहून अधिक पॅकेजं होती. किंमत एकच, की हाती येतं ते थोडं शिळं असतं. तिसरं उत्तर झोहोचं. 1996 साली अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झालेल्या या कंपनीने आपलं तंत्रज्ञान शक्य तितकं घरीच घडवण्यावर भर दिलाय. स्वतःचं पंचांग छापणाऱ्याला दुसऱ्याच्या तिथीची वाट पाहावी लागत नाही; मात्र गणित मांडणारी माणसं कायम पदरी बाळगावी लागतात. तिन्ही उत्तरं योग्य आहेत, कारण तिन्ही विचारपूर्वक घेतलेले निर्णय आहेत. अडचणीत येतो तो काहीच न ठरवलेला प्रकल्प, जिथे निम्मी पॅकेजं ‘नवीनतम’ आणि निम्मी ‘हात लावू नका’ अशी असतात.

यावर पहिला आक्षेप असा की कंटेनर आल्यापासून हा प्रश्नच मिटला. 2013मध्ये डॉकर आलं, प्रोग्रॅमला लागणारं सगळं एका डब्यात बंद करता येऊ लागलं, लॉक फाइलने प्रत्येक व्हर्जन पक्कं झालं. मग विसंगती येईलच कुठून? डबा उपयोगाचा आहे, आणि ‘माझ्या यंत्रावर तर चालतं’ ही सबब त्याने बरीचशी संपवली. पण डबा पंचांग थांबवतो, काळ थांबवत नाही. डिसेंबर 2021मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतलं भगदाड उघड झालं. वर्षाअखेरीचं फ्रीझ चालू होतं, चेन्नईत मार्गळी महिन्यातल्या संगीताच्या मैफली सुरू होत होत्या, आणि महिना संपायच्या आत 2.15, 2.16, 2.17 अशा दुरुस्त्या एकापाठोपाठ आल्या. ज्यांची बाकीची घडी ताजी होती त्यांनी आकडा बदलून तपासणी केली. ज्यांचे डबे वर्षानुवर्षं बंद होते त्यांना आधी आपल्या डब्यात काय भरलंय हे शोधावं लागलं, मग ती दुरुस्ती पेलणारं बाकीचं सगळं. थांबवलेल्या पंचांगाचा हिशेब असा एकरकमी चुकवावा लागतो, आणि दिवस आपण निवडत नाही.

दुसरा आक्षेप: मग परावलंबन कमी करा, स्वतःच लिहा. मार्च 2016मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज कर्त्याने मागे घेतलं आणि जगभरचे बिल्ड मोडले, तेव्हापासून या सल्ल्याला वजन आहे. अकरा ओळींसाठी तो रास्तच आहे. कूटलेखन, तारखांचं गणित किंवा डेटाबेसशी संवाद स्वतः लिहू पाहणारा मात्र विसंगती टाळून त्याहून वाईट चुका पदरात घेतो. तिसरा आक्षेप आजचा: एरर एआयला चिकटवा, उत्तर मिळेल. मिळतंही, आणि वाचनाचा पहिला कंटाळवाणा टप्पा त्याने खरोखर हलका होतो. पण त्याची माहिती एका दिवसापाशी थांबलेली असते. म्हणजे तेही एक जुनं पंचांगच. अस्तित्वात नसलेल्या पॅकेजची नावं ते आत्मविश्वासाने सुचवतं, हे आता पुरेसं नोंदलं गेलंय. शिवाय क्लायंटच्या करारात जावाचं कोणतं व्हर्जन लिहिलंय, फ्रीझ कधी लागतंय, पुढच्या वर्षी ही यंत्रणा राहणार की बंद होणार, हे त्याला एररमध्ये दिसत नाही. निर्णय तिथूनच यायचा असतो.

म्हणून हे काम ‘किरकोळ टिकिट’ समजून सर्वांत नव्या मुलाच्या गळ्यात घालण्याची जी रीत अनेक ठिकाणी आहे, ती मला उलटी वाटते. नव्याने हे काम जरूर करावं, कारण याइतकी प्रकल्पाची ओळख दुसऱ्या कशाने होत नाही. पण निवाडा करताना प्रकल्पाचा इतिहास जाणणारं कोणी शेजारी असावं. आणि काम संपलं हे बिल्ड हिरवा झाल्यावर ठरू नये. व्हर्जन जिथे अडकवलं त्या ओळीशेजारी तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: कोणाची कोणाशी जुळणी नव्हती, आपण कोणाचं ऐकलं, आणि ही अट पुन्हा केव्हा तपासायची. तिरुनळ्ळारचं देऊळ कोणत्या पंचांगाने चालतं हे भाविकाला विचारत बसावं लागत नाही. ते एकदा ठरलेलं आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षभराने दुसराच कोणी त्या प्रकल्पाची फाइल उघडेल, तेव्हा त्यालाही ते एका ओळीत कळावं.